सातची वेळ

2020 च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या गेटवर एक टेबल मांडलेलं असायचं. त्यावर एक वही, दोरीने बांधलेलं पेन आणि सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन. आत येणाऱ्याच्या तळहातावर वॉचमन त्यातलं थोडं ओतायचा. पहिल्या दिवशी मीही हात पुढे केले, चोळले आणि चालू लागलो. लिफ्टपाशी पोचल्यावर लक्षात आलं, मास्क हनुवटीवर ओढलेला आहे आणि दोन्ही तळहात मी नाकाशी धरलेले आहेत.

जून 2014 पासून मी दारू पीत नाही. त्याआधीची 22 वर्षं मी कसा प्यायलो ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात पिणारा आहे त्यांना ते सांगायला लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. 35 दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो. बाहेर आलो तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेले एकमेकांना सावरतात त्या गटाच्या, मीटिंगला जात होतो. न पिता पाच वर्षं दहा महिने झाले होते. या काळात रोज वाइन शॉपवरून गेलो, वरातीत चाललो, कंपनीच्या पार्टीत हातात थम्सअप घेऊन शेवटपर्यंत बसलो. काही झालं नाही. आपण सुटलो असं मनातल्या मनात वाटायला लागलं होतं. आपला निग्रह पक्का झालाय, असंही. आणि आता लिफ्टचं दार उघडून बंद झालं तरी मी हात हुंगत उभा होतो.

साध्या सॅनिटायझरमध्ये 70 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 लिहिलेलं असतं. हा हिशोब मी त्या रात्री झोप येत नव्हती तेव्हा केला. असले हिशोब मन कधी करायला लागतं, हे आमच्यासारख्याला नीट ठाऊक असतं. दुसऱ्या दिवसापासून खिशात साबणाची वडी घेऊन खाली जायला लागलो आणि बागेच्या नळावर हात धुतो म्हणालो. वॉचमन म्हणाला, "काका, सगळ्यांना एकच नियम आहे." त्याला कारण सांगणं मला जमलं नाही. मग दूध आणायलाच जाईनासा झालो. कोरा चहा प्यायचो.

घरात मी एकटा होतो. मुलीचं पहिलं बाळंतपण, म्हणून ही 12 मार्चला सोलापूरला गेली होती. आठवड्याभराने मी जाणार होतो. 22 तारखेचा जनता कर्फ्यू झाला, 24 ला रात्री आठ वाजता 21 दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या आणि ही तिकडे, मी इकडे. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. कडुनिंबाचा डहाळा खाली झाडाचा मिळाला, साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत. गुढी उभारली, नमस्कार केला आणि वळून बघितलं तर मागे कुणी नाही. सणाच्या दिवशी घरात आपल्या एकट्याच्याच चपला असणं हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं.

मीटिंग त्याआधीच बंद झाली होती. एका शाळेच्या वर्गात आम्ही बसायचो, ती शाळा बंद झाली. 14 मार्चचा शनिवार शेवटचा. त्या दिवशी नेहमीसारखेच लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलो, कागदी कपातून चहा प्यायलो, शेवटी हात धरून प्रार्थना म्हटली आणि "मंगळवारी भेटू" म्हणत पांगलो.

तलफ हा शब्द आपण फार सहज वापरतो. चहाची तलफ, तंबाखूची तलफ. दारू सुटलेल्या माणसाची तलफ म्हणजे काय हे मला जमेल तेवढं सांगतो. ती सातला यायची. ऊन उतरलं, समोरच्या बिल्डिंगमधले दिवे लागले की आधी तोंडाला पाणी सुटायचं, मग जिभेच्या मुळाशी एक कडसर चव उगवायची, सहा वर्षांत न चाखलेली पण जशीच्या तशी. मग हात. हाताला काहीतरी धरावंसं वाटायचं. मी स्टीलचा पेला धरायचो, तो चालायचा नाही, काच हवी असायची. घशाखाली छातीत कुणीतरी आतून बोट लावून ओढतंय असं वाटायचं. आणि मग मन बोलायला लागायचं. ते आरडाओरडा करत नाही, फार समजूतदारपणे बोलतं. कुणी बघणार नाही. कुणाला त्रास नाही. हिला कळायचं कारण नाही. एवढ्या मोठ्या संकटात एक क्वार्टर घेतली तर कोण नाव ठेवणार? सकाळी उठून परत पहिला दिवस मोजू.

"कुणी बघणार नाही" हे त्यातलं सगळ्यात वाईट वाक्य. कारण ते खरं होतं.

आमच्या मीटिंगमध्ये नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच चार गोष्टी सांगतात. उपाशी राहू नकोस, राग धरून बसू नकोस, एकटा पडू नकोस, फार दमू नकोस. इंग्रजीत त्यांची पहिली अक्षरं जोडून हॉल्ट असा शब्द होतो, थांब. तलफ आली की आधी या चारांतलं काय झालंय ते तपासायचं. एप्रिलमध्ये मी तपासायचो तेव्हा चारही असायचं. स्वयंपाकाचा कंटाळा म्हणून दुपारी नुसती बिस्किटं. बातम्या बघून राग. रात्रभर जाग, त्यामुळे थकवा. आणि तिसऱ्याबद्दल तर सरकारचाच आदेश होता. माणसांपासून लांब राहा, हाच तेव्हा शहाणपणा होता, आणि साथीपुरता तो बरोबरही होता. पण आजवर ज्याला औषध म्हणून सांगितलं, तेच आता विष म्हणून वर्ज्य झालं होतं. माणसांत जा, हे आमचं औषध.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण त्या दिवसांत सगळे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत होते. माझी तलफ मनाची होती. पण जो माणूस रोज भरपूर पीत होता आणि ज्याची दारू 25 मार्चला एकदम तुटली, त्याचं शरीरच कोसळतं. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. वेळेवर दवाखाना मिळाला नाही तर माणूस जातो. मी स्वतः केंद्रात पहिले तीन दिवस सलाइनवर होतो. बाजूच्या खाटेवरचा माणूस रात्रभर हवेतून दोरे ओढत होता. केरळमध्ये टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्या. तिथल्या सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला, डॉक्टरांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दारू चिठ्ठीवर देणं योग्य नव्हतंच. पण त्या माणसांना उपचारांची गरज आहे हे निदान कुणाच्या तरी डोक्यात आलं. बाकी ठिकाणी ते विनोदाचे विषय झाले. वर्षभराने, एप्रिल 2021 मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात वणीला दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. लोक म्हणाले, "असं कुणी पितं का?" मी काही बोललो नाही. मी ते तळहात हुंगले होते.

माझी सगळ्यात कठीण संध्याकाळ दुःखाची नव्हती. 11 एप्रिल, शनिवार. सात वाजायला वीस मिनिटं असताना जावयाचा फोन आला: मुलगा झाला, दोघंही सुखरूप. पाठोपाठ हिचा आला, ती रडत होती आणि हसत होती. मोबाइलच्या पडद्यावर दुपट्यात गुंडाळलेला लालबुंद चेहरा दिसला, मिटलेली मूठ दिसली, मग रेंज गेली.

मी उठलो. आता काय करायचं ते कळेना. असा निरोप आल्यावर माणूस दार उघडतो, शेजारच्याला हाक मारतो, खाली जाऊन पेढे आणतो. मी दार उघडलं. मजल्यावरची चारही दारं बंद होती. शेजारच्या आजी दम्याच्या, त्यांची बेल वाजवायची कुणाला परवानगी नव्हती. दार लावून स्वयंपाकघरात आलो, डबा उघडला, देवापुढे साखर ठेवली आणि मग चिमूटभर साखर माझ्याच हाताने माझ्याच तोंडात घातली.

त्या क्षणी तलफ आली. इतक्या वर्षांत तशी कधी आली नव्हती. आनंद झाला की घ्यायची, ही 22 वर्षांची सवय कुठेतरी तशीच पडून होती आणि आनंद वाटून घ्यायला माणूस नाही म्हटल्यावर ती उठून उभी राहिली. माझ्याकडे एक नंबर होता. भाजीची गाडी घेऊन येणाऱ्या एका पोराने आठवड्यापूर्वी हळूच सांगितलं होतं, "काका, दुसरं काही लागलं तरी सांगा, घरपोच देतो." क्वार्टरला चौपट पैसे. तो नंबर मी "भाजी" म्हणून सेव्ह केला होता. का केला होता? भाजी तर मी गाडीवरच घ्यायचो.

नंबर पडद्यावर होता. अंगठा त्याच्या वर होता. त्याच यादीत जरा वर "अप्पा" होते.

अप्पा म्हणजे मीटिंगमधले माझे वडीलधारे. आमच्यात कुणाची नावं बाहेर सांगत नाहीत, तेव्हा अप्पा एवढंच. 27 वर्षं न पिता राहिलेला माणूस. मी त्यांना फोन लावला आणि पहिलं वाक्य तोंडातून आलं ते, "अप्पा, मला नातू झाला, आणि मला प्यायची आहे." दोन्ही एका दमात.

ते दोन सेकंद गप्प होते. मग म्हणाले, "अभिनंदन रे. घरात लसूण आहे का?"

"आहे."

"किती?"

"पाव किलो असेल."

"फोन स्पीकरवर ठेव आणि सोलायला बस. एकेक पाकळी. नखाने सोल, सुरी घेऊ नकोस. आणि बाळ कुणासारखं दिसतं ते सांग."

मी जमिनीवर बसलो. लसणाचं पातळ, जांभळट साल नखात अडकतं, बोटांना चिकटतं, फुंकर मारली की उडून परत मांडीवर येऊन बसतं. कोरडी पाकळी पटकन सुटते, ओली सुटत नाही, तिचं बूड आधी मोडावं लागतं. बोटांना वास लागला, उग्र, दुसरा कुठलाही वास पुसून टाकणारा. अप्पा मध्येच त्यांच्या थोरल्या नातीच्या जन्माचं सांगत होते. ती झाली त्या रात्री ते प्यायलेले होते आणि चार दिवस तिला बघायलाच गेले नव्हते. हे त्यांनी मीटिंगमध्ये कधी सांगितलं नव्हतं. मी घड्याळ बघितलं तेव्हा पावणेआठ झाले होते आणि तलफ कधी ओसरली ते मला कळलं नव्हतं. तलफ अर्धा तास क्वचितच टिकते, हे केंद्रात शिकवलं होतं. लाट येते, चढते, फुटते. तिच्याशी झुंजायचं नाही, ती जाईपर्यंत तग धरायचा. पण एकट्या माणसाचा अर्धा तास फार लांब असतो.

मे 1935 मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अक्रन गावी असाच एक माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. न्यूयॉर्कचा शेअर दलाल, पाच महिने दारू सोडलेला, आणि ज्या व्यवहारासाठी आला होता तो फिसकटलेला. परक्या गावात एकटा, शनिवारची संध्याकाळ. लॉबीच्या एका टोकाला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि भिंतीवर गावातल्या चर्चेसची यादी. तो फोनकडे गेला. मला एखादा दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचं आहे, असं तो अनोळखी लोकांना सांगत राहिला. शेवटी एका बाईंनी त्याची गाठ गावातल्या एका सर्जनशी घालून दिली, जो स्वतः दारूत बुडालेला होता. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांसाठी म्हणून बसलेले ते दोघं कित्येक तास बोलत राहिले. 10 जून 1935 ला त्या डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला आणि तो दिवस आमच्या फेलोशिपचा, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, जन्मदिवस धरतात. ही गोष्ट मी मीटिंगमध्ये पन्नास वेळा ऐकली होती. तिच्यात त्याने मदत मागितली नव्हती, बोलायला माणूस मागितला होता, हे मला 11 एप्रिलला लसूण सोलताना कळलं.

2020 च्याच शेवटी मुलीने मला एका संशोधनाची बातमी वाचून दाखवली. अमेरिकेतल्या एमआयटीत 40 माणसांना एका दिवशी दहा तास एकटं ठेवलं, फोनही नाही. दुसऱ्या एका दिवशी त्यांना दहा तास उपाशी ठेवलं. मग मेंदूचं स्कॅनिंग करताना त्यांना चित्रं दाखवली. उपाशी माणसाच्या मध्यमेंदूचा जो भाग जेवणाचं चित्र बघून जागा होत होता, तोच भाग एकट्या ठेवलेल्या माणसात गप्पा मारणारी, हसणारी माणसं बघून जागा होत होता. प्रयोग साथीच्या आधीच झाला होता, छापून 2020 मध्ये आला. ऐकून मी बराच वेळ बसून राहिलो. म्हणजे माझ्या आत सातला जे ओरडायचं ती भूकच होती, माणसांची. पण माझ्या मेंदूला 22 वर्षं प्रत्येक भुकेला एकच उत्तर दिलेलं, त्यामुळे त्याला दुसरा शब्द येत नव्हता. तो बिचारा माणसं मागायचा आणि मला दारू ऐकू यायची.

एप्रिलच्या मध्यापासून मीटिंग ऑनलाइन सुरू झाल्या. आधी मी नाक मुरडलं. अर्ध्या लोकांना माइक सुरू करता यायचा नाही, कुणाचा नुसता पंखा दिसायचा. पण रोज रात्री मीटिंग मिळायला लागली, लातूरचा माणूस, दुबईतला माणूस एकाच चौकटीत यायला लागले, आणि मी ते मनापासून मान्य करतो की त्या पडद्याने अनेकांना वाचवलं. फक्त शेवटची प्रार्थना मात्र कधी जुळली नाही. प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचायचा. सगळ्यांचं म्हणून संपायचं आणि मग कुठल्यातरी खेड्यातून, कमी रेंजमधून, एकच आवाज शेवटची ओळ म्हणत राहायचा. आम्ही सगळे तो संपेपर्यंत थांबायचो.

4 मे ला राज्यात दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली. रांगांचे व्हिडिओ दिवसभर फिरत होते, त्याखाली हसण्याची चित्रं. आमच्या भागातलं दुकान दोन दिवसांनी उघडलं आणि बाल्कनीतून मला रांगेचं शेपूट दिसत होतं. त्या रांगेत मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ पिशवी छातीशी धरून उभे होते आणि त्यांचे हात इतके थरथरत होते की ते तिसऱ्या मजल्यावरून दिसत होतं. आणि त्यांच्या मागे सहा-सात माणसं सोडून आमच्या मीटिंगमधला एक मुलगा होता.

29 वर्षांचा, कंपनीत नोकरीला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा. त्याचे दोघं जोडीदार मार्चमध्येच गावी गेले होते. फेब्रुवारीत त्याला दारू सोडून एक वर्ष झालं तेव्हा आम्ही केक कापला होता. ऑनलाइन मीटिंगला तो दोनदा आला, कॅमेरा बंद ठेवून, मग यायचा थांबला. मला वाटलं, कामात असेल. मी फोन केला नाही. त्याने करायला हवा, असं मी धरून चाललो होतो, कारण आमच्यात तसंच सांगतात: पहिला प्याला उचलायच्या आधी फोन उचल.

मी बाल्कनीतूनच फोन लावला. त्याने खिशातून मोबाइल काढला, बघितला आणि परत ठेवला. मी त्याला हाकही मारू शकलो असतो. चारचौघांत, दारूच्या रांगेत, आमच्या नात्याची हाक. नाही मारली. ते बरोबर केलं की चूक, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

त्या दिवशी मला माझ्या निग्रहाचा खरा हिशोब कळला. तो माझा नव्हता. तो त्या शाळेच्या वर्गाचा होता, चहा आणणाऱ्याचा होता, मी आलो नाही तर "का रे, शनिवारी नव्हतास" म्हणणाऱ्याचा होता. हिचा होता, जी संध्याकाळी कुकर लावता लावता एकदा बाहेर डोकावून जाते. सहा वर्षं ही सगळी माणसं मला धरून होती आणि मी समजत होतो की मी स्वतःच्या पायावर उभा आहे. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं तेव्हा गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, शहरातली पोरं गिळायला सुरुवात केली होती. तिथे बाहेर पडलेला माणूसच पुढे आत येणाऱ्याचा हात धरतो, व्यसनातून सुटलेलेच समुपदेशक होतात. गेली इतकी वर्षं तिथली माणसं हेच सांगत आहेत. मी ऐकत होतो, मान डोलावत होतो, पण ते दुसऱ्यांबद्दल आहे असं समजून.

आणि दुसरं कळलं ते हे की, फोन कर म्हणून सांगून भागत नाही. तलफ आलेला माणूस फोन करत नाही. त्याला लाज वाटते, किंवा त्याला वाचायचंच नसतं त्या अर्ध्या तासापुरतं. माझ्या अंगठ्याखाली अप्पांचं नाव होतं, तरी तो अंगठा "भाजी"वरून वर सरकायला किती वेळ लागला ते मलाच माहीत. जो त्या क्षणी किनाऱ्यावर आहे, त्यानेच हाक मारायला हवी.

ही जूनमध्ये परत आली, पास काढून, खासगी गाडीने. आल्या आल्या हात धुऊन तिने फ्रिज उघडला. तीन बरण्या भरून सोललेला लसूण, एक तर पिवळी पडायला लागलेली. "अहो, एवढा लसूण कुणी सोलला?" मी म्हणालो, मी. "कशासाठी?" मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, सॅनिटायझरपासून. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मग उठून खोबरं किसायला घेतलं. ती चटणी आम्ही गणपतीपर्यंत खाल्ली.

त्या मुलाला मी 6 मे पासून रोज सातला फोन लावतो. पहिले चार महिने त्याने एकदाही उचलला नाही. मीही निरोप ठेवला नाही, उपदेश पाठवला नाही, नुसती रिंग वाजू द्यायची. नंतर तो कधी उचलायचा, कधी नाही. मध्ये दोन वेळा केंद्रात राहून आला, दोन्ही वेळा घसरला. गेल्या वर्षभरात मीटिंगला परत येतो आहे, मागच्या बाकावर बसतो, फार बोलत नाही.

काल त्याने दुसऱ्या रिंगला उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"काका, एक मिनिट हं, गॅस बारीक करून येतो."

मी फोन कानाला लावून थांबलो.